तीन आठवडे ताप आणि हातात रेशनकार्ड: घोडेगावच्या रुग्णाला संसर्गाचा डॉक्टर सरकारी योजनेत कुठे मिळतो?

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की साधारण पस्तीस किलोमीटरवर घोडेगाव लागतं. नेवासा तालुक्यातलं हे गाव भाविकांना शनिशिंगणापूरच्या वळणामुळे माहीत असतं आणि शेतकऱ्यांना कांद्याच्या व जनावरांच्या बाजारामुळे.

समजा, या गावात चाळिशीतला एक माणूस आहे. घरी चार म्हशी, दूध डेअरीला जातं. त्याला तीन आठवड्यांपासून ताप आहे. सकाळी बरं वाटतं, संध्याकाळी अंग तापतं, रात्री घामानं अंथरूण ओलं होतं. कंबर धरलीय, गुडघे दुखतायत. आधी 'व्हायरल आहे' असं सांगितलं गेलं. मग विडाल टेस्ट झाली, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, दोन सलाईन झाले. ताप उतरतो आणि पुन्हा चढतो.

अशा वेळी घरात दोन सल्ले हमखास येतात. एक, "आता संसर्गाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा." दुसरा, "पाच लाखांची योजना आहे ना, मग पैसे कशाला भरायचे?"

दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत. पण योजना स्वीकारणारा संसर्गतज्ज्ञ शोधायला निघालेलं कुटुंब बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परत येतं. त्याचं कारण समजून घ्यायचं तर आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: असा डॉक्टर म्हणजे नक्की कोण, आणि योजना नेमके कशाचे पैसे देते.

संसर्गाचा डॉक्टर म्हणजे कोण?

हृदयाचा डॉक्टर, किडनीचा डॉक्टर हे शब्द आता गावोगावी रुळलेत. संसर्गजन्य आजारांचा तज्ज्ञ मात्र आपल्याकडे तुलनेनं नवा आहे. एमबीबीएस, त्यानंतर एमडी आणि त्यावर संसर्गजन्य आजारांची डीएम ही पदवी, असा हा अभ्यासक्रम. दिल्लीचं एम्स, वेल्लोरचं सीएमसी अशा मोजक्या संस्थांमध्ये तो शिकवला जातो आणि तोही गेल्या दीड-दोन दशकांतलाच. शिकून बाहेर पडलेले डॉक्टर मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत काम करतात. तालुक्याच्या ठिकाणी पाटीवर ही पदवी दिसण्याची शक्यता जवळपास नाही.

मग आजवर संसर्ग कोण बरे करत होतं? पूर्वी शहरांनी त्यासाठी वेगळी रुग्णालयं बांधली. मुंबईत सात रस्त्याजवळचं कस्तुरबा, पुण्यात नायडू. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले दोन कोरोना रुग्ण सापडले, तेव्हा त्यांना नायडू रुग्णालयातच ठेवलं होतं. पण या रुग्णालयांचा मूळ हेतू साथीच्या रुग्णाला इतरांपासून वेगळं ठेवणं हा होता. प्रत्यक्ष उपचार तिथेही फिजिशियनच करत आले आहेत, म्हणजे मेडिसिनमधले एमडी डॉक्टर. लहान मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ, छातीच्या संसर्गासाठी छातीविकारतज्ज्ञ.

२०२१ मधली काळ्या बुरशीची साथ आठवून पाहा. म्युकरमायकोसिस हा बुरशीचा संसर्ग. तो बरा करायला कान-नाक-घसा, डोळे, दात आणि मधुमेह असे चार-पाच विषयांचे डॉक्टर एकत्र यावे लागले. राज्य सरकारनं मे २०२१ मध्ये हे उपचार महात्मा फुले योजनेत आणले, तेव्हा रुग्णांना उपयोग झाला तो सगळे विभाग एका छताखाली असलेल्या रुग्णालयांचा. पाटीवरच्या एखाद्या पदवीचा नव्हे.

म्हणजे घोडेगावच्या या रुग्णानं पहिल्या टप्प्यात शोधायचा आहे तो एमडी मेडिसिन डॉक्टर, आणि असं ठिकाण जिथे ब्लड कल्चर, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी आणि संसर्गाच्या रक्तचाचण्या होतील. डीएम झालेला तज्ज्ञ लागलाच, तर तो नंतर.

योजना डॉक्टर घेत नाही, रुग्णालय घेतं

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना असं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशनकार्ड असलेली कुटुंबंही आत आली. १ जुलै २०२४ पासून ही वाढीव योजना लागू आहे. (फुल्यांच्या नावाच्या या योजनेत संसर्गाचा विषय काढताना एक गोष्ट आठवतेच. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच त्या आजारानं गेल्या.)

पाच लाखांचा आकडा घराघरांत पोहोचला. त्यामागची रचना मात्र तितकी पोहोचली नाही.

पहिली गोष्ट, या योजनेत कुठलाही डॉक्टर वैयक्तिकरीत्या नसतो. रुग्णालय 'अंगीकृत' असतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रुग्णालय सगळ्या आजारांसाठी अंगीकृत असेलच असं नाही, ते विशेषतेनुसार अंगीकृत होतं. महामार्गावरच्या एखाद्या अस्थिरोग रुग्णालयावर योजनेचा मोठा फलक असतो. तिथे मोडलेल्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया योजनेत होईल, पण तापाचा रुग्ण घेऊन गेलं तर नकारच मिळेल. तो नकार नियमाला धरून असतो. घरच्यांना मात्र वाटतं की फलक लावूनही फसवलं.

योजनेच्या यादीत 'संसर्गजन्य आजार' अशी एक विशेषता आहे. पण फक्त तिच्याकडे बघून चालत नाही. संसर्गाचे उपचार जनरल मेडिसिन, अतिदक्षता, छातीविकार, बालरोग, मज्जासंस्था अशा अनेक विभागांत विखुरलेले आहेत. न्यूमोनिया एकीकडे, मेंदूज्वर दुसरीकडे, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग तिसरीकडे. म्हणून हेल्पलाइनवर फोन करताना "संसर्गाचा डॉक्टर आहे का?" असं विचारलं तर उत्तर बहुधा 'नाही' असंच येईल. "तापाच्या रुग्णाला जनरल मेडिसिनमध्ये दाखल करून घेणारं जिल्ह्यातलं अंगीकृत रुग्णालय कोणतं?" असं विचारलं, तर दोन-चार नावं हाती लागतात. योजनेचे टोल फ्री क्रमांक १५५३८८ आणि १८००-२३३-२२०० हे आहेत. आयुष्मान भारतसाठी १४५५५. अंगीकृत रुग्णालयांची यादी बदलत राहते, काही नावं गळतात, काही नवी येतात. त्यामुळे शेजाऱ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी जिथे योजनेत झालं, तिथे निघण्याआधी एक फोन केलेला बरा.

खरी अडचण ओपीडीची

घोडेगावच्या आपल्या रुग्णाकडे परत येऊ. तो चालता-फिरता आहे. त्याला दाखल करायची गरज अजून तरी नाही. त्याला हवंय ते निदान.

आणि इथेच योजना हात आखडते. महात्मा फुले आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना मुळात दाखल रुग्णांसाठी आहेत. दाखल झाल्यावर खाटेचं भाडं, डॉक्टरांची फी, औषधं, तपासण्या, रक्त, ऑक्सिजन, जेवण, इतकंच काय घरी परतताना एकदाचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही पॅकेजमध्ये धरलेलं आहे. पण खाजगी डॉक्टरची तपासणी फी, बाहेरच्या लॅबमधल्या चाचण्या, मेडिकलमधून आणलेली औषधं हा सगळा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. तीन आठवड्यांत झालेला खर्च बिलं दाखवून परत मिळेल, ही आशाही ठेवू नये. योजना कॅशलेस आहे. रुग्णानं आधी भरायचं आणि मागून मागायचं, असा तिचा कारभार नाही.

हृदयाच्या किंवा हाडांच्या आजारात ही त्रुटी एवढी जाणवत नाही, कारण मोठा खर्च शस्त्रक्रियेचा असतो. संसर्गात उलटं होतं. खर्च निदानापर्यंत पोहोचण्यात होतो आणि औषध पुष्कळदा स्वस्त निघतं.

म्हशी सांभाळणाऱ्या माणसाचा न हटणारा ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी या लक्षणांत फिजिशियनच्या डोक्यात क्षयरोगाबरोबर आणखी एक नाव यायला हवं: ब्रुसेलोसिस. जनावरांत याच आजाराला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाभण म्हैस किंवा गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते, आणि तो गर्भ, जार किंवा स्राव उघड्या हातांनी हाताळणाऱ्याला जंतू लागतो. कच्चं दूध प्यायल्यानंही लागतो. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं १८८७ मध्ये माल्टा बेटावर हा जंतू शोधला, म्हणून जुन्या पुस्तकांत हा 'माल्टा फिव्हर' आहे.

माणसात तो टायफॉइडसारखा दिसतो, क्षयासारखा दिसतो, कधी नुसत्या संधिवातासारखा दिसतो. एकट्या विडाल चाचणीवर टायफॉइड ठरवणं तसंही भरवशाचं नाही, आणि या आजारात तर ती दिशाभूलच करू शकते. निदान ब्रुसेलाच्या खास रक्तचाचणीनं किंवा ब्लड कल्चरनं होतं. कल्चर मागवताना लॅबला संशय सांगावा लागतो, कारण हा जंतू सावकाश वाढतो आणि हाताळणाऱ्यालाही लागू शकतो. उपचार काय? सहसा डॉक्सिसायक्लिन आणि सोबत रिफाम्पिसिन, किमान सहा आठवडे. डॉक्सिसायक्लिन ही बाजारातल्या अगदी स्वस्त प्रतिजैविकांपैकी एक. पण ती दहा दिवसांत बंद केली तर आजार उलटतो. मणक्यात किंवा हृदयाच्या झडपेत शिरला तर प्रकरण गंभीर होतं, आणि गंमत अशी की तेव्हा योजना लागू होण्याची शक्यता वाढते, कारण तेव्हा दाखल करावं लागतं.

रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचंही औषध आहे. 'टीबीचं औषध सुरू करून बघू' म्हणून नुसत्या अंदाजानं ते दिलं गेलं, तर ताप काही दिवस दबतो आणि दोन्ही आजारांचं निदान अवघड होऊन बसतं.

ज्या आजारांना कार्डच लागत नाही

ब्रुसेलोसिसचं दुखणं असं की त्याच्यासाठी माणसांचा स्वतंत्र मोफत कार्यक्रम नाही. इतर अनेक संसर्गांसाठी आहे. आणि तिथे रेशनकार्डाचा रंग, उत्पन्न, पाच लाख यातलं काहीच विचारलं जात नाही.

क्षयरोगाचं निदान आणि पूर्ण औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत आहे. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी एकाच वेळी जंतू आहे का आणि रिफाम्पिसिनला दाद देईल का, हे दोन्ही सांगते. रुग्णाच्या बँक खात्यात निक्षय पोषण योजनेचे पैसे येतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झालेत. रुग्ण खाजगी डॉक्टरकडे असला तरी डॉक्टरनं त्याची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक आहे, आणि नोंद झालेल्या त्या रुग्णालाही ही मदत मिळू शकते. हेल्पलाइन १८००-११-६६६६.

एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत. एआरटी औषधं देशात एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि २०१७ पासून निदान होताच सुरू केली जातात, सीडी-फोर पेशी कमी होण्याची वाट पाहिली जात नाही. अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. नगरमध्येच १९८९ पासून काम करणारी 'स्नेहालय' ही संस्था एचआयव्हीबाधितांसाठी उभी आहे. अनेक कुटुंबांना गावातल्या चर्चेची भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. पण २०१७ चा एचआयव्ही कायदा रुग्णाची ओळख गुप्त ठेवायला सांगतो आणि उपचार नाकारायला मनाई करतो. क्रमांक १०९७.

काविळीतल्या बी आणि सी या प्रकारांसाठी २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. हिपॅटायटिस सी तर बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि त्या गोळ्या कार्यक्रमात मोफत आहेत. हे माहीत नसल्यानं लोक अजूनही गावठी औषधाच्या मागे लागतात. कुष्ठरोग, हिवताप, कुत्रा चावल्यावरची लस यांचंही तसंच. कुत्र्याची जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यायचं सीरमही लागतं. ते प्रत्येक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, म्हणून आधी फोन करावा आणि तोवर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी.

मग घोडेगावहून निघायचं कुठे?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात एक बदल झाला, ज्याची चर्चा पाच लाखांच्या आकड्याएवढी झाली नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांमध्ये, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ते जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. यात ओपीडी आहे. जो भाग विमा योजना सोडून देते, तोच इथे भरून निघतो.

म्हणून न हटणाऱ्या तापासाठी पहिली पायरी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र ही आहे. तिथे मलेरियाची तपासणी, साध्या रक्तचाचण्या, थुंकीचा नमुना या गोष्टी होतात. केंद्रात न होणाऱ्या काही चाचण्यांचे नमुने 'महालॅब'मार्फत बाहेर जातात. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला 'ई-संजीवनी'वरून दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलणं करून देता येतं. ही सेवाही मोफत आहे. समोरचा डॉक्टर कोण मिळेल हे आपल्या हातात नसतं, पण 'पुढे पाठवा' अशी चिठ्ठी मिळाली तरी तिचा उपयोग होतो.

दुसरी पायरी नगरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिल. इथे फिजिशियन असतात. रांग मोठी असते, सकाळी लवकर पोहोचावं लागतं, आणि एका फेरीत काम होत नाही. गोठा आणि धारा सोडून तीन दिवस जाणं हा खर्चच आहे, 'मोफत' या शब्दात तो धरलेला नसतो. तरीही ब्लड कल्चर किंवा सीटी स्कॅनसाठी बाहेर काही हजार रुपये मोजण्याआधी ही फेरी करून बघण्यात अर्थ आहे.

तिसरी पायरी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. घोडेगावहून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय ऐंशीएक किलोमीटरवर, थेट महामार्गावर आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग, मेडिसिनची युनिट्स, सगळं एका आवारात. ब्रुसेलासारख्या न रुळलेल्या चाचणीची शक्यता अशा ठिकाणी जास्त. इथे एक बारकावा आहे. घाटी किंवा पुण्याचं ससून ही रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत, त्यामुळे ऑगस्ट २०२३ चा मोफत उपचारांचा निर्णय त्यांना लागू नाही. केसपेपर आणि तपासण्यांना सरकारी दरानं थोडे पैसे पडतात. दाखल झाल्यावर मात्र फुले योजना तिथेही चालते. जिल्ह्यातच विळद घाटात आणि लोणीत खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. कुठल्या विशेषता सध्या योजनेत आहेत हे हेल्पलाइनवर विचारून तिथेही जाता येतं.

जाताना कागद न्यायचे. तीन आठवड्यांत कोणती प्रतिजैविकं, किती दिवस घेतली, याची चिठ्ठी किंवा रिकामी पाकिटं. जुने रिपोर्ट. आणि डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगायचं: घरी जनावरं आहेत, दोन महिन्यांपूर्वी एक म्हैस गाभडली होती, कच्चं दूध पितो, शेतात उंदीर फार झालेत, कुठे गावाला गेलो होतो. ऊसतोडीला किंवा लग्नाला दुसऱ्या जिल्ह्यात झालेला मुक्कामसुद्धा. संसर्गाच्या निदानात या माहितीला एखाद्या महागड्या स्कॅनएवढी किंमत असते, आणि गर्दीच्या ओपीडीत ती विचारायची राहून जाते.

दाखल करायची वेळ आली तर

श्वास लागणं, शुद्ध हरपणं, झटके, लघवी बंद होणं, रक्तदाब कोसळणं यातलं काहीही झालं तर पायऱ्या मोजत बसायचं नाही. १०८ ला फोन करून मिळेल त्या सक्षम रुग्णालयात जायचं. योजनेत आणीबाणीसाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय आहे, कागद नंतर ठरलेल्या मुदतीत देता येतात.

घाई नसेल तर अंगीकृत रुग्णालयात सर्वांत आधी आरोग्यमित्राला गाठायचं. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात त्याचा टेबल असणं अपेक्षित आहे. रेशनकार्ड आणि आधारसारखं फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्राचा पर्याय आहे. इथे सर्वाधिक अडतात त्या नव्या सुना. त्यांचं नाव माहेरच्या कार्डातून निघालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. ताप यायच्या आधी तहसीलमध्ये जाऊन हे काम उरकलेलं असेल, तर दवाखान्यात धावपळ होत नाही.

त्यानंतर रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं. मंजुरी एका ठरावीक पॅकेजची असते. 'ताप आहे, दाखल करा' एवढ्यावर ती मिळत नाही. निकषात बसणारं निदान किंवा गंभीरता रिपोर्टमध्ये दिसावी लागते. मंजुरी नाकारली गेली तर तिचं कारण विचारायचा हक्क रुग्णाला आहे. कधीकधी कारण फक्त एक रिपोर्ट जोडायचा राहिला, एवढंच असतं.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. योजनेत दाखल असलेल्या रुग्णासाठी रुग्णालयानं बाहेरून संसर्गतज्ज्ञ बोलावला किंवा त्याचा सल्ला घेतला, तर त्याची फी पॅकेजमध्येच आहे. 'स्पेशालिस्टचे वेगळे द्या' असं म्हणून पैसे मागणं नियमात बसत नाही. म्हणजे घोडेगावच्या रुग्णाला योजनेत संसर्गतज्ज्ञ मिळण्याचा प्रत्यक्षातला रस्ता हाच आहे: अंगीकृत रुग्णालयात फिजिशियनच्या हाताखाली दाखल व्हायचं आणि त्या फिजिशियनलाच विचारायचं, "साहेब, संसर्गतज्ज्ञाचं मत घेता येईल का?" हा प्रश्न विचारल्यानं डॉक्टरचा अपमान होत नाही. चांगले फिजिशियन तो स्वतःहून काढतात.

पैसे मागितले तर पावती मागायची आणि आरोग्यमित्र, जिल्हा समन्वयक किंवा हेल्पलाइन यांच्याकडे तक्रार करायची. तक्रार रुग्ण दाखल असतानाच केलेली चांगली. डिस्चार्जनंतर ती लांबते.

घरात दुसरं एखादं कार्ड आहे का?

कधीकधी उपाय कपाटातच असतो. घरातला मुलगा नगरच्या नागापूर एमआयडीसीत कामाला असेल आणि त्याचा पगार महिना २१ हजारांच्या आत असेल, तर तो ईएसआयमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. ईएसआयमध्ये ओपीडी, औषधं आणि तज्ज्ञाकडे पाठवणं हे सगळं येतं, आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही ते लागू होऊ शकतं. पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसते का, ते पाहावं. नगर जिल्ह्यात माजी सैनिकांची कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांच्या ईसीएचएसमध्येही ओपीडी आहे. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मानचं वेगळं पाच लाखांचं कार्ड निघतं, ते मात्र दाखल रुग्णासाठीच. आणि धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो.

आणि म्हशी?

रुग्णाचा रिपोर्ट ब्रुसेलासाठी पॉझिटिव्ह आला, तर औषधाची चिठ्ठी एकट्या त्याच्या नावानं लिहून भागत नाही. तेच दूध पिणारी, त्याच गोठ्यात शेण काढणारी बायको आणि मुलं यांचीही तपासणी व्हायला हवी, लक्षणं नसली तरी. दूध उकळून प्यायला लागेल. जार उचलताना हातमोजे लागतील आणि तो उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावा लागेल.

आणि गोठ्यात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलवावं लागेल. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस मोफत दिली जाते, आयुष्यात एकदाच. मोठ्या म्हशीला ती चालत नाही आणि नराला देत नाहीत. लस टोचलेल्या वासराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना तिचं दूध, वेत, दात सगळं तपासलं जातं. बिल्ल्याचा नंबर विचारून लसीची नोंद बघणं आणि "मागच्या वेताला गाभडली होती का?" हे विचारणं, या दोन गोष्टींना काही पैसे पडत नाहीत.